खिडकीच्या तळाचा दगड

किलारन, काउंटी क्लेअर
रविवार, ७ मार्च १९५४

प्रिय कोलमन,

डब्लिनचे लोक एकदाचे आले! इतकी वर्षं नुसतं येतो-येतो चाललं होतं. जुन्या पडक्या चॅपलची पूर्वेची खिडकी पडायला टेकली तेव्हा उगवले. जानेवारीच्या वादळात दोन कमानींच्या मधल्या खांबाचा एक तुकडा निखळून आत पडला. बेसी लिलीसची शेळी तिथेच चरत होती, ती थोडक्यात वाचली. आपण पत्र टाकलं म्हणूनच सरकार हललं असं बेसी सांगत फिरते. फिरू दे बापडी.

साहेबाचं नाव मिस्टर वेल्डन. डोक्यावर हॅट, तोंडात पाइप, आणि खोकणारी एक छोटी मोटार. तो म्हणतो, खिडकीची भिंत बाहेरच्या अंगाला पोट काढून उभी आहे, आत्ता बांधून काढली नाही तर पुढच्या हिवाळ्यात सगळंच भुईसपाट होईल. तुझी आई तिथेच होती. म्हणाली, "सातशे वर्षं उभी आहे हो ती भिंत. तुमचं पोट कधीपासून सुटलंय, साहेब?" तो हसला म्हणून बरं. मला तर मेल्याहून मेल्यासारखं झालं.

पण खरं सांगते, गाडीतून फावडी आणि कुदळी उतरताना पाहिल्या आणि मी धसकलेच. वाटलं, आता हे उत्तरेच्या बाजूला खणणार, काटेझाडाखाली. बाप्तिस्म्याआधी गेलेलं, म्हणून चर्चची पवित्र जमीन न मिळालेलं इथलं प्रत्येक मूल तिथेच आहे. डब्लिनच्या माणसाला तिथे काय दिसणार? समुद्रावरचे धोंडे. ना नाव, ना क्रूस. म्हणून मी सरळ पॅको टॅल्टीला गाठलं, या कामावर तोच मुकादम आहे. त्याने टोपी काढली आणि म्हणाला, "डीलिया, उत्तरेला एक फावडं लागणार नाही. काम फक्त खिडकीचं आहे." मी त्याच्यासमोरच रडले, वेड्यासारखी.

तेव्हा तू काळजी करू नकोस. आपली लेक सुखरूप आहे. आज चर्चमधली मासची प्रार्थना झाल्यावर जाऊन तिचा धोंडा पुसून आले, तू दाखवलास तो, झाडाच्या मुळाला टेकलेला. तुझं मागचं पत्रही वाचून दाखवलं तिला.

ईस्टरपर्यंत उपवास म्हणून आम्ही दोघींनी चहातली साखर सोडली आहे. त्यामुळे तुझी आई नेहमीपेक्षा कडू झालीय. तिच्या शिव्या आणि माझं प्रेम, दोन्ही घे.

डीलिया


कॉव्हेंट्री
१३ मार्च

डीलिया,

पत्र मिळालं. इथे पाऊस, चिखल आणि विटा. घरमालकीण मिसेस प्रॅट अजून कोबी उकळून उकळून त्याचा जीव घेते. माझी पाठ बरी आहे.

खिडकीचं नीट लिही. म्हणजे नक्की काय करणार आहेत? नुसता टेकू देणार की दगड उतरवणार? उतरवणार असतील तर कुठपर्यंत? कललाय तो मधला खांब, आणि वरच्या कमानी. खालच्या भागाला हात लावायचं काही कारण नाही. तळाचा जो आडवा दगड आहे ना, ज्याच्यावर आम्ही पोरं चढून बसायचो, तो पक्का आहे. त्याच्या खालची भिंतही पक्की आहे. हे टॅल्टीला सांग. वेल्डनला नको, टॅल्टीलाच. आणि मी सांगितलं असं म्हणू नकोस, तुझं तूच सहज बोललीस असं दाखव.

लगेच लिही. आईला सांग की मी मासला जातो.

कोलमन


किलारन
१८ मार्च

प्रिय कोलमन,

वा! विटा रचणारा माणूस एकदम खिडक्यांचा जाणकार झाला! हसू नको तर काय करू? पण मी काही दुधखुळी नाही. तुझ्या मनात काय आहे ते ओळखलं मी. तुला या कामावर यायचंय. सरळ विचारायला लाज वाटते, म्हणून तळाचा दगड आणि खालची भिंत. मग मीच पॅकोशी बोलले. तो म्हणाला, "ईस्टरला आला तर घेतो. त्याचा बाप चांगला गवंडी होता, पोराच्या हातात थोडं तरी उतरलं असेल." कोलमन, उन्हाळाभर तू घरी! मी आईला अजून सांगितलेलं नाही, पण काल सेंट पॅट्रिकच्या दिवशी तुझा कोट बाहेर काढून उन्हात टाकला. ती म्हणाली, "काय गं, कोणाचं लग्न आहे?"

आता तुझ्या प्रश्नांची उत्तरं, साहेब. दोन्ही कमानींखाली लाकडाचे साचे बसवले आहेत, अगदी कमानीच्याच आकाराचे, म्हणजे वरचे दगड सुटले तरी खाली कोसळणार नाहीत. मग प्रत्येक दगडावर पांढऱ्या रंगाने आकडा घालून वरून एकेक उतरवतात आणि त्याच क्रमाने गवतावर मांडतात. आमची खिडकी आता गवतावर झोपली आहे, आणि कुंपणाबाहेरून सगळं गाव ती बघायला येतं. कमानीच्या टोकाला तो नाक गेलेला दगडी चेहरा होता ना, तो जवळून पाहिला. बेसी म्हणते हुबेहूब तिचा सासरा.

वेल्डन माणूस चांगला आहे. परवाच्या पावसात आपल्याकडे चहाला आला. आईने त्याला तडा गेलेला कप दिला. त्यानेच मला समजावून सांगितलं की बाहेरून त्या खिडकीच्या दोन नुसत्या फटी दिसतात, जेमतेम वीतभर रुंद, आणि आतून मात्र अख्खी गाडी मावेल एवढं तोंड पसरलेलं आहे, ते मुद्दाम. भिंत बांधतानाच बाजू तिरक्या ठेवल्या आहेत. बाहेरून वारा-पाऊस कमी घुसावा, आणि आत शिरलेला उजेड पसरत जावा. एवढ्याशा फटीतून आलेलं ऊन अख्ख्या वेदीवर पडायचं. लहानपणापासून बघतेय मी ती खिडकी, पण हे कधी ध्यानातच आलं नव्हतं.

आणि तुझा तळाचा दगड काही पक्का-बिक्का नाही बरं का! मधोमध तडकलाय. मधला खांब त्याच्यावरच उभा राहतो, म्हणून तोही उचलून खालची भिंत साफ करून नव्या चुन्यात बसवायचा आहे. तो सगळ्यात शेवटी. तू येईपर्यंत कदाचित तेच काम शिल्लक असेल, मग उचल तूच.

कधी येतोस ते कळव. मी वाट बघतेय, खोटं कशाला बोलू.

डीलिया


कॉव्हेंट्री
२३ मार्च

डीलिया,

मी कामाबद्दल विचारलंच नव्हतं. तू पॅकोकडे जायला नको होतंस.

तो दगड कधी उचलणार? दिवस विचार. तडा फक्त मधे असेल तर वरून चुना ओतून भरता येतो, त्यासाठी दगड उचलावा लागत नाही, हे पॅकोला कळत नाही का? की वेल्डनचा हट्ट आहे? दगड उचलताना तो स्वतः तिथे असतो का? खालची भिंत साफ करायची म्हणजे किती खोल?

मी सुट्टी मागितली. इथला मुकादम म्हणाला, ईस्टरच्या आधी गेलास तर परत येऊ नकोस. मी तरीही निघालो होतो. पेटी भरली होती. मग वाटलं, मी असा अचानक तिथे येऊन उभा राहिलो तर लोक विचारतील का आलास, आणि मी काय सांगणार? म्हणून थांबलो. जेवण जात नाही. मिसेस प्रॅटला वाटतं मला कोबी आवडेनासा झालाय.

दिवस कळव. आईला यातलं काही बोलू नकोस.

कोलमन


किलारन
२७ मार्च

कोलमन,

काल तुझी दोन्ही पत्रं शेजारी शेजारी ठेवून वाचली. आधी राग आला होता, तुझा कोट मी परत आत टाकला होता. मग पुन्हा वाचली. तळाच्या दगडाबद्दल किती वेळा विचारलंस! काटेझाडाबद्दल एकदाही नाही. मी लिहिलं की आपली सुखरूप आहे, धोंडा पुसला, तर त्यावर तुझा एक शब्द नाही. तू असा नाहीस. मागे शेळ्या उत्तरेला शिरतात एवढं मी लिहिलं होतं, तर कुंपण कसं घालायचं ते दोन पानं भरून सांगितलं होतंस.

आज मी कोणाला काही विचारलं नाही. माणसं जेवायला बसली होती तेव्हा आत गेले. दोन्ही कमानी उतरल्या आहेत. खांबाचं एक खोड उरलंय आणि त्याच्यावर नुसतं आभाळ. मी त्या तळाच्या दगडावर हात ठेवला. मग तिथेच खाली बसले.

ती कुठे आहे, कोलमन?

पुन्हा विचारणार नाही. हे पत्र मिळालं की त्याच दिवशी उत्तर टाक.

डीलिया


कॉव्हेंट्री
३१ मार्च

डीलिया,

काटेझाडाखाली ती नाही. तळाच्या दगडाखाली आहे, भिंतीच्या आत.

त्या संध्याकाळी मी तिला घेऊन निघालो तेव्हा बाबा माझ्या मागोमाग आले. रीत अशी की बाप एकटा जातो, हे तुलाही ठाऊक आहे. पण ते काही न बोलता चालत राहिले. मी काटेझाडाखाली उभा राहिलो, फावडं हातात होतं, पण माझ्याने खणवेना. एका हाताने तिला कोटात धरलं होतं, आणि तो हात मला सोडवेना. बाबांनी थोडा वेळ पाहिलं. मग म्हणाले, "ये इकडे."

आत नेलं, खिडकीपाशी. त्या दगडाच्या डाव्या कडेखालचा एक दगड सुटा होता, बाबांनी पहार घालून तो सरकवला. खाली भिंतीत पोकळी होती, आणि तिच्यात उजवीकडे एक लाकडी पेटी. मी विचारलं, हे काय? बाबा म्हणाले, "तुझा भाऊ."

माझ्या आधी आईला एक मुलगा झाला होता, आपल्या मुलीसारखाच, जन्मतानाच गेलेला. तो काटेझाडाखाली आहे असंच मला माहीत होतं. आईलाही तेच माहीत आहे, अजून. बाबा म्हणाले, "तेव्हाच्या फादरनी बजावलं होतं, पवित्र जमिनीत पुरायचं नाही. मी जमिनीत पुरलं नाही. भिंतीबद्दल फादर काही बोलले नव्हते." असं म्हणून हसले. मला रडू फुटलं. मग आम्ही तिला डावीकडे ठेवलं, माझ्या निळ्या फुटबॉलच्या जर्सीत गुंडाळून. दुसरं काही हाताशी नव्हतं. बाबांनी तो सुटा दगड परत सरकवून सांधा चिखलाने बुजवला, वर शेवाळ लावलं. आणि माझ्याकडून शपथ घेतली.

तुला सांगितलं असतं तर तू खिडकीपाशी जाऊन बसली असतीस. लोकांनी पाहिलं असतं, लोकांकडून फादर गॅरिहींना कळलं असतं, आणि त्यांनी दोघांनाही बाहेर काढायला लावलं असतं. म्हणून मी एक धोंडा दाखवला तुला, कुठलातरी. त्याबद्दल काय बोलायचं ते बोल, मी ऐकून घेईन. पण तिला तिथे ठेवलं त्याची माफी मी मागणार नाही. सकाळचं पहिलं ऊन त्या दगडावर पडतं. बाबांनी जागा चांगली निवडली होती.

आता मला एकच भीती आहे. वेल्डन वाईट माणूस नसेल, पण हाडं दिसली की तो लिहून घेणार, खोक्यात घालणार, वर चिठ्ठी लावून डब्लिनला नेणार. किंवा फादरना बोलावणार. तू तिथे आहेस, मी इथे विटांवर विटा ठेवतोय. काय करायचं ते तुलाच करावं लागणार. आईला तिच्या मुलाचं सांगायचं की नाही, तेही तूच ठरव. मला धीर नाही.

कोलमन


किलारन
३ एप्रिल

कोलमन,

तुझं पत्र वाचलं, गोठ्यात गेले आणि बादलीला लाथ घातली. दूध सांडलं. तुझ्या आईने विचारलं, "गाईने लाथ मारली का गं?" मी म्हटलं, "नाही, तुमच्या मुलाने."

इतके रविवार मी कोणाशी बोलत होते रे? कोणाच्या धोंड्याशी? तुझी पत्रं वाचून दाखवली, तुझ्या आईच्या चहाड्या सांगितल्या, पाऊस किती झाला, गाय कधी व्यायली, सगळं. कोणाच्यातरी पोराला आपल्या घरातल्या सगळ्या गोष्टी ठाऊक झाल्या आहेत! आणि ती तिकडे पलीकडच्या भिंतीत, तिला कोणी एक शब्द सांगितला नाही. हे मी तुला लवकर माफ करणार नाही, आत्ताच सांगून ठेवते. पुढच्या रविवारी मात्र काटेझाडापाशी जाणार आहे. त्या पोराला आता माझी सवय झाली असेल, त्याचा यात काय दोष?

आता कामाचं. मी पॅकोला सांगितलं. त्याशिवाय गत्यंतर नव्हतं. तो थापीवरचा चुना खरवडत बसला. मग म्हणाला, "आमची दोन काटेझाडाखाली आहेत. मीच ठेवली." आणि लगेच दगडाचं बोलायला लागला. दगड उचलल्याशिवाय भागणार नाही. मधल्या खांबाचा सगळा भार त्याच्यावर येतो. तडकलेलाच ठेवून वर खांब चढवला तर पहिल्या वादळात खिडकी खाली येईल आणि तिच्याबरोबर ही दोघंही उघडी पडतील. वरून चुना ओतायच्या तुझ्या युक्तीवर तो म्हणाला, "कोलमनला सांग, तू आपल्या विटाच रच."

वेल्डनला दगड १२ तारखेच्या सोमवारी उचलायचा आहे, स्वतः समोर उभं राहून. पण दर शुक्रवारी दुपारी तो डब्लिनला फोन करायला एनिसला जातो. पॅको म्हणतो, त्याआधीच्या शुक्रवारीच, तो गेला की बाकीच्या माणसांना वाळू आणायला किनाऱ्यावर पाठवतो, आणि तो आणि मी, दोघं मिळून दगड उचलतो. भोवती नीट चिणून घेतो, दगड नव्या चुन्यात बसवतो, खांबाचा पहिला तुकडा वर चढवतो. परत आल्यावर वेल्डन ओरडेल, पण बसवलेला दगड काही पुन्हा काढायला लावणार नाही.

भीती फादर गॅरिहींची आहे. ते हल्ली सायकलवरून रोज चक्कर मारतात, काम कुठवर आलं बघायला. दारात कोणीतरी उभं राहायला हवं. म्हणून आईला सांगितलं, आपल्या मुलीचं. तिच्या मुलाचं सांगायला तोंड उघडलं आणि जीभच वळली नाही.

ती म्हणाली, "खिडकीत? ही माझ्या नवऱ्याचीच अक्कल. जन्मात एक काम सरळ रस्त्याने केलं नाही त्याने." मग कोंबड्यांना दाणे टाकायला गेली. दाणे सकाळीच टाकून झाले होते. परत आली आणि म्हणाली, "दारात मी उभी राहते. फादरला मी बघून घेते."

मला झोप नाही, कोलमन. दगड तुटला तर? कोणी लवकर परत आलं तर? प्रार्थना कर. मी करतेय, पण माझं लक्ष लागत नाही.

डीलिया


कॉव्हेंट्री
६ एप्रिल

डीलिया,

पहार डाव्या बाजूनेच घाला. उजवीकडे पेटी आहे, तिच्या फळ्या जुन्या आहेत. दगड पूर्ण उचलण्याआधी तुझा हात आत घालून बघ, जर्सी लागेल. पॅकोच्या आधी तुझाच हात लागू दे.

शुक्रवारी दुपारी मी इथे परांचीवर असेन. झालं की तार कर. एक शब्द पुरे. नाही झालं तरी कर.

तू माफ केलं नाहीस तरी चालेल. ती तिथेच राहिली पाहिजे.

कोलमन


किलारन
११ एप्रिल, पाम संडे

प्रिय कोलमन,

आधी शेवट सांगते, म्हणजे तुझा जीव भांड्यात पडेल. दगड परत बसला. ती आतच आहे. वेल्डनला काही कळलं नाही. तार केली नाही, कारण पोस्टातली पोरगी तार वाचते आणि मग गाव वाचतं. तुला दोन दिवस टांगून ठेवलं. म्हटलं, थोडं तूही बघ कसं वाटतं ते.

शुक्रवारी सकाळपासून मी घड्याळच बघत होते. आणि दुपारी वेल्डनची मोटार चालूच होईना! खोकायची, थरथरायची, गप्प व्हायची. तो म्हणाला, "राहू दे, सोमवारी करीन फोन." मी पॅकोकडे बघितलं. पॅको म्हणाला, "असं कसं साहेब, डब्लिनवाले वाट बघत असतील," आणि सगळ्या माणसांना लावून मोटार उतारावरून अशी ढकलली की चालू झाली नसती तर थेट समुद्रात गेली असती. चालू झाली. मग माणसं वाळूला गेली.

दगड आमच्याने हलेना. पॅको पहारीवर लोंबकळला, मी लोंबकळले. तेवढ्यात बाहेर सायकलची घंटा वाजली. पॅकोचा चेहरा चुन्यासारखा पांढरा झाला. मला वाटलं, संपलं. आणि तुझ्या आईचा आवाज ऐकू आला: "फादर, बरं झालं आलात. मला पापनिवेदन करायचंय."

"रविवारी या की चर्चमध्ये, मिसेस हेहिर."

"रविवारपर्यंत मी जगले तर! आत्ता. इथेच. त्या कट्ट्यावर बसा आणि तोंड तिकडे करा, तुमच्याकडे बघून मला सांगवायचं नाही."

फादर काय करणार? बसले बिचारे, समुद्राकडे तोंड करून. आणि ती जी सुरू झाली, ती थांबेचना. नंतर मी विचारलं, "काय सांगितलंत एवढा वेळ?" म्हणाली, "माझी होती ती सांगितली. पुरली नाहीत, तेव्हा बेसी लिलीसचीही सांगितली."

तेवढ्यात दगड हलला. डावीकडून. मी आत हात घातला.

तेव्हा तुम्ही मला तिला बघू दिलं नव्हतं, आठवतं? सुईण म्हणाली, नको, बघितलंस तर विसरणार नाहीस. न बघता कुठे विसरले मी? जर्सी अजून निळी आहे, कोलमन. मी काही उघडलं नाही. नुसता हात ठेवला. माझ्या हाताखाली सगळीच्या सगळी मावली. मी तिला म्हटलं, "मी आहे, तुझी आई." पॅको तोंड फिरवून भिंतीला चुना लावत होता, तिथे चुना लावायची काही गरज नव्हती.

फादर गेले आणि आई आत आली. म्हणाली, "सरक गं. मलाही बघू दे, माझी नात आहे." मी सरकले. दगड आता पूर्ण बाजूला होता. तिने जर्सीवर क्रूसाची खूण केली. मग तिची नजर उजवीकडे गेली.

"ही पेटी कोणाची?"

ती खाली वाकली आणि फळीवरून बोट फिरवलं. "ही तर माझी चहाची पेटी. लग्नात आली होती. घरभर शोधली होती मी." मग तिचं बोट फळीवरच राहिलं. मी म्हटलं, "आई, तो तुमचा आहे." एवढंच म्हटलं.

मला वाटलं आता ती कोसळेल, किंवा बाबांच्या नावाने शंख करेल. तिने यातलं काही केलं नाही. तिने विचारलं, "आत कोरडं आहे का?"

मला कळलंच नाही. पॅकोला कळलं. त्याने पोकळीच्या तळातून चिमूटभर माती घेतली आणि तिच्या तळहातावर ठेवली. पिठासारखी होती. तिने ती बोटांनी चोळली, पुन्हा चोळली.

"पाऊस लागला की माझ्या मनात हेच यायचं," ती म्हणाली, "की तो भिजत असेल. तिकडे काटेझाडाखाली किती पाणी साचतं, बघतेस ना. तुझ्या सासऱ्याला उठवून सांगायचे. तो म्हणायचा, झोप गं, त्याला काही होत नाही. आणि कूस बदलून घोरायला लागायचा. मी म्हणायचे, दगड आहे हा माणूस, काळीजच नाही याला. जन्मभर म्हटलं."

मग तिने तो हात मिटून घेतला आणि पॅकोला म्हणाली, "बसव आता. नीट बसव, फट ठेवू नकोस."

त्याने बसवला. वेल्डन परतला तेव्हा खांबाचा पहिला तुकडा उभा होता. तो भरपूर ओरडला, मग ओळंबा लावून बघितला आणि गप्प झाला. ईस्टरनंतर कमानी चढवणार आहेत. पॅको अजून विचारतो, कोलमन येतोय का. ये. मी अजून रागावलेली आहे, पण ये.

काल इथे दिवसभर पाऊस होता, रात्रभरही होता. आई सकाळी आठ वाजेपर्यंत झोपली. मासला उशीर झाला.

डीलिया